कंपनीचा नंबर

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय?

कोण नरेश?

नाय बाबा, माझ्या ओळखीत नरेश एकच. माझा धाकटा भाऊ. खोपोलीला कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याचा नंबर कंपनीचा हाय, जग बुडालं तरी बंद पडत नाय. हा तर कुठला भलताच नंबर दिसतोय.

हो, आवाज ओळखला. ओळखला म्हणून तर विचारते.

बोल. पण आटपून बोल. मला एक महत्त्वाचा फोन यायचाय, लाईन अडकवून ठेवू नको.

सेव्ह करू? करते की. काय नावानं करू, ते सांग.

प्लॅन बदललास… असं का. बरं… जुन्याला रेंज येत नव्हती? अरं वा. खोपोलीच्या भर बाजारात तुला रेंज येत नव्हती, आणि मला इथं कडावला गोठ्यात उभी राहिले तरी येते.

नरेश, पुरे. आज सकाळी मी तुझ्या जुन्या नंबरावर फोन केला होता.

हो, लागला. लगेच लागला, आणि उचलला पण.

कुणी उचलला, ते विचार की.

किशोर नाव त्याचं. तुझ्या जागेवर आलाय. तुझ्या खुर्चीत बसतो, तुझ्या कपाटाच्या चाव्या त्याच्याकडं, आणि तुझा नंबर पण त्याच्याच खिशात. मी आपली बोलत सुटले, "नरेश, आज ओटीपी यायचाय, फोन जवळ ठेव." तर तो बोलतो, "ताई, नरेश इथं नाय. होळीपासनं नाय." मी गोठ्यातच बसले रं खाली. शेणात बसले का कशात, ते पण नंतर कळलं.

ऐक. ऐक ना आधी. तू मधे बोलू नको. मधे बोलायची तुझी पाळी संपली.

कसला ओटीपी म्हणजे? तुला भाची हाय, आठवतं का? मेघा नावाची? तिला नर्सिंगला सीट मिळालीय. हो, मिळाली. हो, अलिबागलाच. अभिनंदन नंतर कर. आज संध्याकाळपर्यंत ती सीट कबूल केली नाय तर दुसरीला देऊन टाकणार. आणि कबूल करायची तर ओटीपी लागतो. आणि ओटीपी कुणाच्या नंबरावर जातो? सांग की… सांग ना, तूच भरला होतास तो फॉर्म.

आठवलं? त्या दिवशी ओटीवर पाय पसरून बसला होतास आणि काय बोलला होतास? "तायडे, तुझा नंबर नको देऊ. तुझं रिचार्ज दर अमावस्येला संपतं. माझा टाक. कंपनीचा हाय, कंपनी भरते." आणि मेघाचे बाबा हसले वर. मी पण हसले, मूर्खासारखी.

बदलून घेऊ? विचारलं ते पण. अर्ज द्यायचा, कागद जोडायचे, मग आठवडाभरानं नंबर बदलणार. सीट थांबतेय होय आठवडाभर तुझ्या अर्जाची वाट बघत?

अरं, एकट्या मेघाचं असतं तर एक वेळ गिळलं असतं. आईचं आधार तुझ्या नंबरावर. माझा गॅस तुझ्या नंबरावर. कोंडाजीकाकानं म्हशीचा विमा उतरवला, त्याला पण तुझाच नंबर. का, तर आपला नरेश कंपनीत हाय. आख्ख्या भावकीला दुसरा नंबर ठाऊक नव्हता. जयंतीच्या फ्लेक्सवर तुझा फोटो, खाली संपर्क म्हणून हाच नंबर. मंडपवाला, जेवणवाला, बँजोवाला, सगळे त्या किशोरला फोन करत होते. बँजोवाल्याला तर बिचाऱ्यानं वेळ पण सांगितली म्हणे, संध्याकाळी सहाला या. आणि ते बरोबर सहाला आले. तू मात्र नऊला आलास, फेटा बांधून.

हो, आता हसायला आलं होय तुला?

काढलं, का तू सोडलंस?

कंत्राट संपलं. बरं… मग त्यात तोंड लपवण्यासारखं काय होतं रं? इथं अर्ध्या गावाची कंत्राटं संपलीत. आमच्या शेजारचा चांगो दोनदा घरी बसला, गावभर सांगत फिरला, आता खालापूरला गाडी चालवतो. कुणी त्याला हसलं नाय. मला तुझं कंत्राट संपल्याचा राग नाय आला. मला सांग, त्यांनी तुला विचारलं होतं का नाय, की हा नंबर तुझ्या नावावर करून देतो, एका कागदावर सही कर म्हणून?

किशोरनंच सांगितलं. तिथं सगळ्यांना ठाऊक हाय ते. विचारलं होतं ना?

मग?

टेबलावर फेकलंस.

सिम काढून साहेबाच्या टेबलावर फेकलंस. "तुमची भीक नको," असं बोललास… वा, वा. अजून पण अभिमानानं सांगतोयस की. छाती फुगलेली दिसतेय मला इथनं. काय बिघडलं रं त्या साहेबाचं? त्यानं ते सिम उचललं, पुसलं आणि दुसऱ्याला दिलं. त्याची चहाची कपबशी पण हलली नसंल. नाक कापलं ते आमचं. बाणेदारपणा तुझा, आणि हेलपाटे आमच्या नशिबी.

आणि होळीपासनं रोज सकाळी डबा घेऊन निघतोस तो कुठं जातोस? तुझ्या बायकोनं रविवारी सांगितलं मला, "ह्यांना हल्ली लई काम असतं, दमून येतात." कुठं दमतोस?

खोपोलीच्याच शिळफाट्याला… टपरीवर. दिवसभर?

तिनं भल्या पहाटे उठून केलेली भाकरी तू टपरीवर बसून खातोस, आणि संध्याकाळी दमल्याचं तोंड करून घरी जातोस. शी. मला किळस येते, नरेश. खोटं बोललास त्याची नाय येत, माणूस बोलतो खोटं. तिच्याकडनं पाय चेपून घेत असशील वर, त्याची येते.

हां, घेतोस ना. वाटलंच मला.

थांब जरा, आई हाक मारतेय… आले गं, आले! शेजारणीचा फोन हाय, आई!

नाय सांगितलं तिला तू हायस म्हणून. सांगू का?

का नको?

तिला काय ठाऊक नाय, असं तुला वाटतं? अरं, ती रोज दिवेलागणीला तुला फोन लावते. तिच्या त्या डबड्या फोनवर तुझ्यासाठी एक बटण लावून ठेवलंय, तेच दाबते. मी रोज ऐकते चुलीपासनं. "जेवलास का रं? खोकला गेला का?" मला वाटायचं, चला, आमचा नरेश इकडं फिरकत नाय, पण आईशी बोलतो तरी. आज सकाळी कळलं की तू बोलतच नव्हतास. ती त्या किशोरशी बोलत होती. पहिल्यांदा त्यानं सांगून बघितलं, की मावशी, राँग नंबर. हिला नीट ऐकू आलं नाय. दुसऱ्या दिवशी परत हिचा फोन. मग त्यानं सांगायचं सोडलं. "हो, जेवलो," बोलायचा. "तुमी जेवलात का," विचारायचा.

मी तिला आज सांगितलं. घाबरत घाबरत सांगितलं, म्हातारीला धक्का बसंल म्हणून. आई, तो आपला नरेश नव्हता गं. तर तांदूळ निवडत होती, मान पण वर केली नाय. बोलली, "मला काय माझ्या पोराचा आवाज कळत नाय? पण ह्या पोरानं मी जेवले का, ते विचारलं. आपल्यानं कधी विचारलं होतं?"

हॅलो?



नाक ओढू नको फोनवर. ऐकायला येतंय.

रड मग. पण आवाज नको करू, टपरीवरची माणसं बघतील. तुझं काय, तुला चारचौघांची लाज लई. घरच्यांचीच तेवढी नाय.

मला रडायला येत नाय का? पोरगी तिकडं कर्जतला सायबरवाल्याकडं सकाळपासनं बसून हाय. न जेवता. किशोर कामावर हाय, आत फोन नेऊ देत नाय, गेटवरच ठेवून घेतात, तुला तर ठाऊक हाय. सकाळी मी फोन केला तवा तो गेटाशीच होता, पण मेघा कर्जतला पोचायच्या आधीच त्याला आत जावं लागलं. बोलला, ताई, जेवायच्या सुट्टीत बाहेर येतो, आलो की फोन करतो. मग मी आईच्या फोनवरनं मेघाला सांगणार, ती बटण दाबणार, ओटीपी त्याच्याकडं येणार, तो मला सांगणार, मी तिला. एका कानाला हा फोन, दुसऱ्या कानाला आईचा. नुसती कसरत.

थेट मेघाला कसा करंल? वयात आलेल्या पोरीचा नंबर परक्या माणसाला देऊ होय?

एका माणसाच्या सुट्टीवर पोरीचं सगळं अडकून पडलंय. त्याला आज सुट्टी उशिरा झाली, साहेबानं थांबवला, काय पण झालं, की संपलं. आणि तुला नवीन नंबर सेव्ह करून पायजे.

बरं, ते जाऊ दे. तू फोन कशाला केलास, ते अजून बोलला नायस. नुसता नंबर द्यायला तू फोन करणाऱ्यातला नायस.

काय?

परत बोल. नीट बोल, चावून नको बोलू.

खालापूरला गोडाऊनात काम मिळतंय… बरं झालं की. कधीपासनं?… मग अडलंय कुठं?

आधार.

ओटीपी.

जुन्या नंबरावर.

नाय, मी हसत नाय. हसू येतंय ते वेगळं हाय, रागाचं हाय. म्हणजे तुझा पण जीव त्याच खिशात अडकलाय तर. आणि मी काय करू?

मी खोपोलीला जाऊन त्याला भेटू. तुझं नाव सांगायचं नाय, भावाचं जरा काम हाय असं बोलायचं… अरं, माझं नाव नरेशची बहीण म्हणूनच त्याला ठाऊक हाय. आणि तू का नाय जात? खोपोलीतच बसलायस. त्या टपरीवरनं उठलास तर चालत पोचशील गेटावर.

कसं तोंड दाखवू म्हणजे? जे होतं तेच दाखव.

तो तुझ्यापेक्षा लहान हाय, तुझ्या जागेवर आलाय, त्याच्यापुढं हात पसरू का… नरेश, तुझी आई त्याच्यापुढं रोज पसरत होती रं. तुझी बहीण सकाळपासनं पसरून बसलीय. आमी पसरले तर चालतं, तुझाच हात तेवढा सोन्याचा?

मी नाय बोलणार तुझ्यासाठी. मेघाचं काम मागणार आणि फोन ठेवणार. एका माणसाला किती पिळायचं, त्याला मर्यादा हाय.

रागव. रागावलास तर रागव. फेक तो फोन कुणाच्या तरी टेबलावर.

थांब… थांब, थांब. मधे फोन येतोय. किशोर आला बाहेर. मेघा, आई गं, मेघाला लाव आधी… आई, तुझा फोन दे इकडं. नरेश, ठेव.

नाय, एक मिनिट नाय. माझं पण विचार, माझं पण विचार काय लावलंयस? तुझं तू माग त्याच्याकडं. नंबर तर तुला पाठ हाय.

ठेवते.