सेफ्टी लावलेली नव्हती

आमचं मूळ मखमलाबादच्या अंगाचं, नाशकातून सायकलीवर जायच्या अंतरावर, तीन एकर मळा, त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी अन् दसरा-दिवाळीला झेंडू. आम्ही दोघं भाऊ, मी थोरला रामनाथ अन् माझ्या पाठचा दत्तू. दत्तूला मातीची आवड, मला नाय, मला काय आवडायचं सांगू का, कडक इस्त्री. हसू नका, खरंच सांगतो. भाजीची पाटी घेऊन मार्केटात गेलो की गेटवरच्या पोलिसाच्या विजारीची घडी बघत उभा राहायचो, मेथी सुकून जायची. दत्तूनं शाळा सोडून मळा धरला म्हणून मला भरतीची तयारी करता आली, मी पहाटे पळायला जायचो तवा हा झेंडूला पाणी भरत असायचा. भरती झालो तर सगळ्या आळीत पेढे यानंच वाटले.

नोकरीला सहा-सात वर्षं झाल्यावर मला बॉडीगार्डची ड्युटी मिळाली, नव्वद सालानंतरची गोष्ट. एक पुढारी व्हते, नाव नाय घेत, त्यांच्यामागं सफारी घालून फिरायचं, कमरेला नऊ एमएमचं पिस्तूल. आर्मरीत एक जुने हवालदार व्हते, ते पिस्तूल हातात देताना प्रत्येकाला तेच सांगायचे, चेंबर मोकळं ठेव, नळीच्या तोंडी गोळी नको, अन् गोळी चढवलीच तर सेफ्टी लाव. आता सेफ्टी म्हंजे काय, तर पिस्तुलाच्या डाव्या अंगाला अंगठ्याजवळ एक बारीक कळ असती, ती वर केली की ट्रिगर दाबला तरी गोळी सुटत नाय, खाली केली की सुटती. एवढीच गोष्ट, नखाएवढी. हवालदार म्हणायचे, रामनाथ, गोळी लवकर सुटावी म्हणून सरकार आपल्याला पगार देत नाय, नको तिथं सुटू नाय म्हणून देतं. मी हो म्हणायचो. पहिली दोन वर्षं तसंच वागलो पण, खोटं नाय सांगत.

मंग येवल्याला सभा झाली. साहेब स्टेजवरून उतरत व्हते अन् मागं कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मला वाटलं गोळीबार. मी पिस्तूल काढलं, पण अंगठा त्या कळीवरून दोनदा निसटला, घामानं म्हणा, घाबरून म्हणा, अन् तेवढ्यात माळ संपली, लोकं टाळ्या वाजवायला लागली अन् मी आपला पिस्तूल धरून अंगठ्यानं खाटखूट करतोय. साहेबांनी बघितलं. गाडीत बसताना चारचौघांत म्हणाले, अरे मारेकऱ्यांनो, जरा दम धरा, आमच्या रामनाथला आधी कुलूप उघडू द्या. सगळी हसली. ड्रायव्हर तर नाशिक येईस्तोवर मधूनमधून हसत व्हता. मी बाहेर बघत बसलो, कान नुसते तापले व्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी चेंबरात ठेवायला लागलो अन् सेफ्टी खाली. आमच्या बॉडीगार्डांत यावरून लय वाद चालायचे, चहाच्या टपरीवर, कोणी म्हणायचं सेफ्टी पायजेच, कोणी म्हणायचं अर्धा सेकंद गेला की साहेब गेला, अन् मी ह्या दुसऱ्यांचा पुढारी झालो. मी छाती काढून सांगायचो की सेफ्टी ज्याचा हात थरथरतो त्यानं लावावी. खरं तर माझाच हात थरथरला व्हता. त्या हवालदारांनी एकदा विचारलं, सेफ्टी लावतोस ना रे, मी म्हणालो, तुम्ही शिकवलंय, विसरंन कसा. त्यांच्या डोळ्यात बघून म्हणालो.

आता दसऱ्याचं सांगतो. ते सांगायचंच हाय, त्यापायीच तर तुम्हाला लिहून घ्यायला बसवलंय.

झेंडूवाल्याच्या घरी दसरा लवकर सुरू होतो अन् उशिरा होतो. फुलं विकून माणसं परत यायला दुपार होती, मंग आंघोळी, मंग पूजा. पाटावर विळा, खुरपं, कुदळ, औषध मारायचा पंप, सगळ्याला हळदकुंकू अन् झेंडूची माळ. त्या दिवशी मला चार तासांची सुट्टी व्हती, अन् नियम असा की पिस्तूल जमा करून जायचं. मी नाय केलं. आईनं म्हणलं व्हतं, आपल्या पाटावर कधी खरं हत्यार आलं नाय, यंदा तुझं ठेवू. अन् मला पण मिरवायचं व्हतं हो, आईचं नाव पुढं करून काय उपयोग. आळीतली दहा-बारा माणसं बघायला आली. एक म्हातारा म्हणाला, रिकामं हाय ना रे बाबा. दुसरा म्हणाला, रिकामं असंल तर मंग खेळण्यातलंच की. मला येवला आठवलं, ते हसणं आठवलं. मी म्हणालो, भरलेलं हाय, पण सेफ्टी लावलीय, घाबरू नका. लावलेली नव्हती. अन् ते मला ठाऊक व्हतं. पण ती लावायची म्हंजे सगळ्यांसमोर अंगठा शोधत बसायचं. मी काय केलं, पिस्तूल डाव्या अंगावर पाटावर ठेवलं, कळ पिस्तुलाखाली दडली, कोणाला दिसायला नको. तोंड दाराकडं.

दारात दत्तू स्टुलावर उभा राहून तोरण बांधत व्हता.

माझी बायको सुमन, तिनं कुंकू लावलं, वरून लावलं, दोन बोटांनी, अन् माळ गुंडाळली. दोरा ट्रिगरच्या कडीत गेला. माळ घट्ट बसंना म्हणून तिनं दोन्ही टोकं मागं ओढून गाठ आवळली, तसं पिस्तुलाचं तोंड वर उचललं. काय सांगू तुम्हाला, त्या घरात असा आवाज कधी झाला नव्हता. दत्तू स्टुलावरून खाली आला तो पडला असं नाय, बसल्यासारखा बसला, अन् तोरणाचं एक टोक त्याच्या हातातच व्हतं. गोळी उजव्या गुडघ्यातून गेली व्हती. पाय वाचला पण गुडघा कायमचा ताठ झाला. ज्या माणसानं जन्मभर उकिडवं बसून खुरपणी केली त्याला परत उकिडवं बसता आलं नाय. पंगतीत सगळी खाली अन् हा एकटा खुर्चीत.

चौकशी लागली. चौकशीचे साहेब घरी आले, मला अन् सुमनला समोर बसवलं. विचारलं, सेफ्टी लावलेली व्हती का? माझी नोकरी त्या एका उत्तरात व्हती, दोन लहान पोरी व्हत्या, अन् मी म्हणालो, व्हती साहेब. पिस्तूल उजव्या अंगावर ठेवलं व्हतं, कळ वरच्या बाजूला, कुंकू लावताना हिच्या बोटानं खाली सरकली असंल. हे मी तिला आधी सांगितलं पण नव्हतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, अन् साहेबांना म्हणाली, हो साहेब, माझ्याच हातून सरकलं. मला घरी हत्यार नेल्याची शिक्षा झाली, पगारवाढ थांबली, बॉडीगार्डची ड्युटी गेली, पण विजारीची घडी राहिली. लाज वाटती सांगायला, त्या रात्री मला झोप लागली.

मंग वर्षं गेली. आईनं मरेस्तोवर सुमनला पूजेच्या ताटाला हात लावू दिला नाय. दर दसऱ्याला ही मागच्या अंगणात भांडी घासत बसायची. दत्तूच्या बायकोनं चूल वेगळी केली, ती पोरांना सांगायची, मोठ्या आईच्या हाताला गुण नाय. आमच्या पोरींच्या कानावर पण तेच. दत्तू मात्र कधी वाईट बोलला नाय, वहिनी चुकून झालं म्हणायचा, अन् ते ऐकून मला जास्त लागायचं. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगू, अन् मंग म्हणायचो, रिटायर झाल्यावर सांगू, पेन्शन सुरू झाल्यावर सांगू.

मागच्या वर्षी दत्तूच्या पोरानं भाजी न्यायला पिकअप घेतली. गाडीची पूजा. सुमन विसरून म्हणा, आनंदानं म्हणा, ताट घेऊन पुढं झाली, अन् भावजयीनं सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या हातातून ताट काढून घेतलं. सुमननं पदराला हात पुसले, हाताला काय लागलेलं नसताना. तवा मात्र मला राहवलं नाय. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, सेफ्टी लावलेली नव्हती, मी खोटं बोललो, हिचा काय दोष नाय, कळ तर पिस्तुलाखाली दडलेली व्हती. दत्तूच्या पायाला हात लावला.

अन् दत्तू काय म्हणाला ऐका. म्हणाला, दादा, तू लय मोठ्या मनाचा हायेस, म्हातारपणी बायकोचा डाग अंगावर घेतोस. भावजयीनं डोळे पुसले, म्हणाली, असा नवरा मिळायला पुण्याई लागती. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी ओरडून सांगत व्हतो, खरं सांगतोय रे, अन् जेवढं ओरडलो तेवढा मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. ताट काय सुमनच्या हातात परत आलं नाय.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, त्यांचं जाऊ दे, तुला तर ठाऊक हाय. ती म्हणाली, अहो, काय माहीत, मला तर आठवतंय, बोटाखाली काहीतरी सरकलं व्हतं. मी म्हणालो, अगं कसं सरकंल, कळ पाटाच्या अंगाला व्हती, तुझं बोट तिथं पोचणारच नव्हतं. ती म्हणाली, असंल तसं, पण मला सरकल्यासारखं आठवतंय.

आता बोला. दत्तूचा गुडघा माझ्यामुळं गेला, तो दिसतो तरी. पण हिला जे पक्कं ठाऊक व्हतं ते मी हिच्या डोक्यातून काढून घेतलं, अन् परत ठेवायला गेलो तर जागाच नाय. म्हणून तुम्हाला बोलवलं. माझं नाव घाला, हिचं पण घाला, अन् जसं सांगितलं तसं लिहा, पिस्तूल डाव्या अंगावर व्हतं, कळ खाली व्हती, मला ठाऊक व्हतं. देव तुमचं भलं करो. ती चहा घेऊन येतीय बघा. लिहून झालं की आधी तिला वाचून दाखवा, पण तुमच्या तोंडून. मी वाचलं तर तिला वाटंल, नवरा माया करतोय.