भिंतीतलं त्याचं, सुटं माझं

मेणबत्त्या? — नाही नाही, मी ऐकलं नीट, गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले — तुम्ही मेणबत्त्याच म्हणालात. म्हणजे एवढं मणभर ओतीव लोखंड घरी न्यायचं, चार माणसं लावून जिन्याने वर चढवायचं, कोऱ्या भिंतीला टेकवून उभं करायचं, मागे धुराडं नाही, वर भोक नाही, काही नाही — आणि आत काय, तर मेणबत्त्या लावायच्या. मग असं करा बाई, उद्या एक विहीर पण न्या आणि तिच्यात बाटलीतलं पाणी ओतून ठेवा. हसताय काय, मी विनोद करत नाहीये. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडकाय, ते विकायला आहे — हो, मोडक्या पायासकट, सून म्हणते मोडकं असलं की लोक जास्त देतात. त्या हिशेबाने मला तर काचेच्या कपाटात ठेवायला पाहिजे. बाहेरची पाटी तिचीच. 'विंटेज डिझायनर फायरप्लेस व शोभेच्या वस्तू'. शोभेच्या! चिमटा शोभेचा, फावडं शोभेचं, राख ओढायचा झाडू शोभेचा! माझ्या वेळी पाटीवर नुसतं 'जुनं लोखंड' होतं आणि ज्याला कळायचं त्याला कळायचं. मी तिला विचारलं, हा डिझायनर कोण गं बाई, कुठे राहतो? तर म्हणाली, बाबा, तुम्ही गिऱ्हाइकांशी जरा कमी बोलत जा. आज ती दाढ काढायला गेलीय, म्हणून तुम्ही माझ्या तावडीत सापडलात.

तर काय हवंय म्हणालात — सुटं सामान. आगटी तुमची ठरलीय — आगटी म्हणजे तेच हो, फायरप्लेस, आमच्या घरात आगटीच म्हणायचे — आगटी ठरलीय आणि तिच्या जोडीचं सगळं हवंय, जाळी, चिमटा, सळई, भाता, ठिणग्या अडवायचा पडदा. आता मेणबत्तीला चिमटा कशाला लागतो ते मी विचारत नाही. बघू फोटो. — लांब धरा. अजून लांब. माझं नाक नाही बघायचंय त्यात. तो चष्मा द्या, तुमच्या मागे, त्या भात्यावर ठेवलाय.

हे कुठे मिळालं तुम्हाला?

थांबा. बोलू नका. मोठं करा ते. अजून. ही डावीकडची वेल — पानं वर. आणि ही उजवीकडची — पानं खाली. काय? ही त्या डिझायनरची खुबी? असं कोण म्हणालं, तुमचं घर सजवणारा? मुद्दाम विषम ठेवलंय म्हणाला? त्याला म्हणावं, मुद्दाम नाही, चुकून. साचा उलटा लागला. कारण वाळूचा साचा लावायच्या वेळेला दोन कार्टी तिथे भांडत होती — फळी मी धरणार, नाही मी धरणार — आणि आमचा बाप ओतारी माणूस, हातात तापलेलं लोखंड, आमच्यावर ओरडता ओरडता त्याने उजवी बाजू उलटी लावली. लोखंड एकदा ओतलं की ओतलं, ते काय पीठ आहे का पुन्हा मळायला? सुट्टीच्या दिवशी, कारखान्याच्या भंगारातून, मालकाच्या हातापाया पडून केलेली आगटी ती. आईने बघितलं आणि म्हणाली, एक वेल पोरासारखी आहे आणि एक नवऱ्यासारखी. ती कोणाला काय म्हणाली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हा तुमचा डिझायनर. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करायचा.

म्हणजे धाकटा विकतोय. — माझा भाऊ हो! ज्याच्या घरात तुम्ही हा फोटो काढलात तो म्हातारा, टक्कल, डाव्या भुवईत खोक — तो माझा धाकटा भाऊ आहे. सांगितलं नाही तुम्हाला? नाहीच सांगणार. विकतोय! बापाची आगटी विकतोय, भिंतीतून उपटून, मेणबत्त्यांसाठी! अहो, त्या भिंतीसाठी — बसा हो, तुम्हाला नाही ओरडत, ओरडायचं तो इथे नाही म्हणून तुम्हाला ऐकावं लागतंय — त्या भिंतीसाठी आमच्यात वाटणी झाली. बाप गेल्यावर. मामा मध्ये पडला. मामा म्हणाला, घर धाकट्याला, दुकान थोरल्याला, आणि सामानाचा वाद नको, साधा नियम लावू — भिंतीला जे धरून आहे ते त्याचं, हाताने जे सुटतं ते याचं. वा रे मामा, वाकड्याचं सरळ करायला गेला आणि घोळ घालून ठेवला. कारण आगटी भिंतीत चिणलेली, ती त्याची. पण आगटीतली जाळी — जिच्यावर लाकडं रचतात ती — ती नुसती उचलली की निघते. म्हणजे सुटी. म्हणजे माझी. चिमटा माझा, सळई माझी, भाता माझा, पडदा माझा. मी उचलायला वाकलो तर हा तिथेच उभा, हाताची घडी घालून. 'दादा, जाळी राहू दे' एवढं म्हणाला असता ना — चार शब्द — तर राहू दिली असती, खरं सांगतो, मला काय करायची होती जाळी, मी जुन्या लोखंडाच्या ढिगावर बसणारा माणूस. पण म्हणाला नाही. उलट काय म्हणाला माहितेय? म्हणाला, राख पण ने, तीही सुटीच आहे.

मग मी नेली. राखही नेली. बादली मागून घेतली आणि त्याच्यासमोर खरवडून खरवडून नेली, आणि बादली त्याची होती तर दुसऱ्या दिवशी दारात परत ठेवून आलो. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

तो फोटो पुन्हा दाखवा. नाही, वरचं नको, खालचं, आतलं. हे काय आहे? हे — काळं. या विटा आहेत. विटांवर जाळतो! दोन विटा ठेवल्यात आणि त्यांच्यावर लाकूड आडवं टाकून — अगं आई गं, अक्कल गहाण ठेवलीय याने! बाई, तुम्हाला मेणबत्त्याच लावायच्यात पण तरी ऐका, लाकडाला खालून वारा लागतो, जाळी त्यासाठीच असते, खालून वारा घुसला की धूर सरळ धुराड्यात जातो. विटांवर ठेवलं की लाकूड धुमसतं, पेटत नाही, आणि सगळा धूर खोलीत. छत बघा, छत पण काळं झालंय. इतकी वर्षं हा माणूस धुरात बसतोय! अहो, जाळी काय जगात एकच आहे? बाजारात ढिगाने मिळतात, कुठलीही बसली असती, थोडी घासून बसली असती! पण नाही. याला पाहिजे तीच, आणि मागायची नाही.

काय? — खोकत होता? खोकणारच. किती? म्हणजे कसं, कोरडा की — एका जिन्यावर दोनदा बसला? डॉक्टरने धूर बंद करायला सांगितलाय म्हणून आगटी विकतोय, असं म्हणाला तो? असं म्हणाला?

माझ्याकडे असं बघू नका. माझा काय संबंध? मी काय त्याच्या नाकात धूर सोडायला गेलो होतो? आणि मला काय ठाऊक की तो विटांवर जाळतो, मला वाटलं दुसरी घेतली असेल, कोणीही घेतली असती! जाळी माझी होती, वाटणीत आली, मामाच्या तोंडाने आली. विकली पण नाही मी. किती गिऱ्हाइकं आली तिच्यासाठी — सून ती पुढे मांडते, मी उचलून मागे नेतो, ती पुन्हा पुढे मांडते, मी पुन्हा मागे नेतो, ती म्हणते बाबा हे दुकान आहे की लपंडाव. का म्हणजे? माझी मर्जी. आणि गंज नाही तिच्यावर एक ठिपका, थंडी सुरू व्हायच्या आधी मी तिला तेलाचा हात मारतो — सगळ्याच मालाला मारतो. — नाही, सगळ्याला नाही मारत, एवढा वेळ कुठे आहे. तुम्हाला काय करायचंय!

हं? परत म्हणा. काय अट घातली त्याने? सुटं सामान पूर्ण मिळालं, अगदी हेच, याच दुकानातलं, तरच आगटी काढून नेऊ देईन — नाहीतर विकायची नाही?

असं म्हणाला काय.

लबाड. लहानपणापासून लबाड! याला भूक लागली ना, तर 'आई, भूक लागली' असं या जन्मात म्हणणार नाही. म्हणणार, आई, मांजर बघ गं कसं ओरडतंय. मांजर बिचारं चुलीमागे घोरत पडलेलं असायचं. आई समजायची. आधी मांजराला घालायची, मग याला. आणि मी तोंडाने मागायचो, तर मला म्हणायची, तू थांब, मोठा आहेस ना. आता या वयात, तोंडात दात नाहीत, छातीत श्वास नाही, तरी मागायचं नाही — मांजर पाठवायचं! रागावू नका बाई, पण ते मांजर तुम्ही आहात. तुम्ही फायरप्लेस विकत घ्यायला गेलात आणि त्याने तुम्हाला माझ्या दारात आणून सोडलं. त्याला पक्कं ठाऊक आहे मी हे सामान विकणार नाही. विकायचीच असती आगटी तर अट कशाला घातली असती? आणि विकलं मी समजा, तर म्हणेल, बघा, थोरल्याने बापाची जाळी पण विकली. नाही विकलं तर बसेल तसाच, विटांवर, धुरात, डॉक्टर गेला खड्ड्यात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे बघा, नाक त्याचं कोंडलंय आणि तोंड मी उघडायचं!

दुप्पट देता? तुमचे पैसे पर्समध्ये ठेवा. तिप्पट पण नको. मला अपमान वाटला असं नाही, सुनेने ऐकलं असतं तर तिने तुमच्या गळ्यात हार घातला असता — पण सून नाहीये आणि मी आहे. गप्प बसा जरा. मला विचार करू द्या. मी बोलताना विचार करत नाही, ते दोन्ही एकदम जमत नाही मला.

तो काय म्हणाला? पूर्ण मिळालं तर. पूर्ण. बरोबर? जाळी, चिमटा, सळई, भाता, पडदा — सगळं मिळालं तर. आणि नुसती जाळीच मिळाली तर? तर पूर्ण नाही. तर अट मोडली. तर आगटी त्याची, भिंतीत, आहे तिथे. — मामाचा भाचा आहे मी, मला काय समजता! उठा. या इकडे, मागे या, डोकं सांभाळा, ती सळई लागेल. ही. ही बघा. उचला. जड आहे तर जड आहे, ओतीव आहे ती, पापड नाही. गुडघ्यात वाका, कमरेत नाही. तुमची गाडी आहे ना बाहेर? तुमचं घर त्याच वाटेवर, तुम्हीच म्हणालात मघाशी. — विकत नाहीये हो! किती वेळा सांगू, तुम्हाला काही विकत नाहीये! ही त्याच्याकडे पोचवायची. बस्स. काय म्हणता, तुम्हीच जा म्हणजे? मी कसा जाईन? मी मोठा आहे.

तुम्हाला काय, तुमचं नुकसान नको — ती कोपऱ्यातली बघा, पांढरी, पत्र्याची, तिने जन्मात आग पाहिलेली नाही, मेणबत्त्यांना अगदी तिच्यासारखी दुसरी नाही. वर सोनेरी फुलं पण आहेत. उद्या या, सून असेल, तोंडाला बोळा लावून का होईना असेल, किमतीचं तिच्याशी बोला, मी तिला सांगतो बाईंना नीट वागव. मग झालं तर!

आणि ऐका. मी दिली म्हणू नका. — मग काय सांगाल, आभाळातून पडली? बरं, मीच दिली म्हणा. नाही — काही म्हणू नका, त्याला डोळे आहेत, बघेल. विचारलंच त्याने की बाकीचं कुठे आहे, तर म्हणा, दुकानात आहे, थोरल्याच्या पायाशी आहे, आणि हवं असेल तर स्वतः यायचं, आपल्या पायांनी, आणि आपल्या तोंडाने मागायचं. जिना चढायचा नाही इथे, एकही पायरी नाही, हे पण सांगा. आणि विटा काढून फेकून द्यायच्या, त्याच्यादेखत फेका, नाहीतर ठेवेल जपून. आणि पहिल्यांदा पेटवताना धुराड्याची झडप पूर्ण उघड म्हणावं, अर्धी नाही, त्याला अर्धी ठेवायची सवय — जाऊ द्या, ते सांगू नका, चिडेल, म्हणेल मला शिकवतो.

आता बघत काय उभ्या राहिलात? ऊन उतरलं की थंडी पडते आणि थंडी पडली की तो पेटवायला बसतो. त्याच्या आत पोचा. निघा. — निघा म्हणतो ना!