ऋणनिर्देशाचं पान

नाही, हे पान मी टाईप करणार नाही — बाकी प्रबंध करतो, चार कार्बनप्रती काढून देतो, पण हा ऋणनिर्देश नाही. 'वंदनीय गुरुवर्य' तीनदा, गुरुवर्यांच्या सौभाग्यवती एकदा, ग्रंथपाल, शिपाई — आणि तुझी आई कुठंय? पहूरहून एस्टीत तुझा डबा कोण ठेवतं रे, गुरुवर्य?

मीही फिलॉसॉफीवालाच — डिग्री भिंतीवर दिसत नाही, कारण लावलीच नाही. डॉक्टर आधार पाटील, मुक्काम टाईपरायटर! विषय काय होता माझा? — 'सत्याची कसोटी'. हस, हस. माझ्या गाईड सरांच्या पोरीच्या लग्नात मी पंगती वाढल्या, दळणं आणली, आणि नोकरी लागली सरांच्या भाच्याला. जाऊ दे, ते नव्हतं सांगायचं.

माझी माय, द्रौपदाबाई, भडगावला असते. पाच वर्षं कळण्याची भाकरी फडक्यात बांधून कंडक्टरजवळ द्यायची. प्रबंध बांधून घरी नेला तर तिनं विचारलं, "मन्हं नाव कोठे शे रे, आधार?" — नव्हतंच. मग मी काय केलं? तिचं बोट धरलं आणि सरांच्या नावावर ठेवलं. म्हटलं, हे बघ, इथं. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या ओळीला हळदकुंकू लावायची ती. सरांच्या नावाला! लाज? वाटली ना — पण सांगायचं कसं, आणि बांधलेल्या पुस्तकात सुधारायचं कुठं?

गेल्या वर्षी गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. बासष्टाव्या वर्षी माय पाटीवर नाव गिरवायला लागली. मला इतका आनंद झाला — नाही, खोटं बोलतोय, मला घाम फुटला. आखाजीला गेलो तर प्रबंध फळीवरून काढलेला, तेच पान उघडं, शेजारी पाटी, पाटीवर वाकडंतिकडं 'द्रौपदाबाई'. एकेक अक्षर ताडून बघत होती — पाटीवरून पानावर, पानावरून पाटीवर. मी दारातच. तिनं मला पाहिलं, पुस्तक मिटलं, म्हणाली, "हात धोई ले, जेवाले वाढस." बस, एवढंच. त्या दिवशी हळदकुंकवाचा करंडा काही काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर तरी पडलो असतो — पण ती भाकरी वाढत राहिली आणि मी खात राहिलो —

काय बघतोस माझ्याकडे? ऊठ. घे तुझे कागद. समोरच्या गल्लीत दुसरा टायपिस्ट आहे, तो काही विचारत नाही.