तळहाताच्या मधोमध

जळकोटच्या वैद्यांच्या ओसरीवर पाळीची वाट बघत बसलेल्या कडूबाईचं ध्यान, कीर्तनात लागावं तसं, पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडं लागलं होतं.

"सोमलिंगअप्पा, नेमकं काय दिसत न्हाय?" वैद्यांनी विचारलं.

"सकाळी पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो. बोटं दिसत्यात, मनगट दिसतंय. मधलं लिंगच दिसत न्हाय, तिथं नुसता धूर. दीड वरीस झालं, समोर असून भेट न्हाय."

"हद्दीवरचा करोडगिरीचा जकातनाका ओलांडून सोलापूरला नेलं," शांताक्का म्हणाली. "डाक्टर म्हणला, ह्याला दवा न्हाय. तुम्ही घेटुळीची मुळी उगाळून अंजन करता, असं ऐकून आलो."

"अक्का, खोटं सांगत न्हाय. मुळी राहिलेली नजर राखंल कदाचित. गेलेली आणंल, असं म्हणवत न्हाय."

"म्हंजे लिंग आता दिसायचंच न्हाय?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, मान जरा वळवून डोळ्याच्या कडंनं बघा. दिसंल."

"देवाकडं तिरकं बघू? माझ्या बापानं थोबाडीत दिली असती!"

"अहो, लग्नात माझ्याकडं तिरकंच बघत होता की!"

"तवा बाप शेजारीच बसला होता."

सारी ओसरी हसली. अप्पा मात्र हसले नाहीत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून त्यांनी तळहातावर ठेवलं, मान हळूहळू वळवली आणि डोळ्याच्या कडेनं बघत राहिले. आख्यान रंगात आल्यावर रोखावा तसा कडूबाईनं श्वास रोखला.

"दिसलं का हो?"

"दिसलं... वैद्यबुवा, द्या अंजन. एवढी कड तरी राहू द्या."