आधी हाडं, मंग रंग

...न्हाई, पण मला येक सांगा राव, ह्यात माझं काय चुकलं? तुमी समदी हितं च्या पिताय, चार गावं फिरल्याली माणसं हायसा, तुमीच सांगा! सोताच्या गाडीला हिरवा रंग द्यावासा वाटला, ह्ये काय पाप हाय? गर्द हिरवा, चकचकीत! डबासुदीक पुण्यास्नं आणून ठिवला व्हता, अगदी पयल्या दिवशी! आन् आज त्यो रंग कुठं हाय? न्हाई, आत्ता न्हाई सांगत, आत्ता सांगितलं तर माझंच डोस्कं फिरंल. पयल्यापून ऐका.

तर गाडी. साधीसुधी न्हवं बरं का, शर्यतीची! दोनच माणसांची, नाक ह्ये येवढं लांब, दार म्हंजी मांडीपतूर, आन् वर छप्परच न्हाई! कुण्या इंग्रेज सायबाची. सायेब माळशेजला शिकारीला जायचा, येक डाव डिंगोऱ्यात गाडी बंद पडली, सायबानं ती तिथल्या गेणभाऊच्या गोठ्यात ढकलली, म्हणला, “हम कल आयेगा.” कल यायच्या आत स्वराज्य आलं! सायेब गेला इलायतीला, गाडी ऱ्हायली गोठ्यात, आन् गेणभाऊच्या कोंबड्या सायबाच्या शीटवर अंडी घालाया लागल्या. म्या ती बघितली आन् राव, खोटं कशाला बोलू, माझा जीवच जडला. गेणभाऊ म्हणला, “संपतराव, बैलजोडी सोडा आन् गाडी न्या.” सोडली!

आता ती जोडी कुणाची? म्हंजी माझीच, पण दिल्याली मेव्हण्यानं. आमच्या प्रयागबाईचा भाऊ भिमाजी, आणे गावचा. बहिणीला म्हणून घरची खोंडं दिल्याली, लेकरावानी वाढवल्याली. आन् गंमत बघा, डिंगोऱ्यास्नं नारायणगावपतूर गाडी वढून आणली कुणी? त्याच बैलांनी! गाडी दारात सोडली आन् माघारी गेणभाऊच्या गोठ्यात गेली बिचारी. प्रयागबाईनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् चुलीकडं तोंड करून बसली.

आठवड्यात भिमाजी हजर. गाडीभवती फेरी मारली, चाकाला लाथ घातली, आन् मिशीत हासत म्हणतो कसा, “दाजी, आण्याच्या जत्रंला माझ्या बहिणीला ह्याच गाडीत बसवून आमच्या दारात आणा. आणली तर गुलाल उधळीन. न्हाई आणली तर जत्रंच्या आमटीला तोंड लावायचं न्हाई!” आता तुमास्नी म्हाईत हाय, आण्याची आमटी-भाकर चुकली म्हंजी साल वाया गेलं. पण आमटीचं जाऊ द्या वो. त्यो गेल्यावर प्रयागबाई हळूच म्हणाली, “न्याल न्हवं गाडीतनं? भावजयांम्होरं माझी मान खाली जाऊ दिऊ नगा.” म्हणलं, नेणार! राणीवानी बसवून नेणार!

म्हणून इस्माईल मिस्त्रीला बलावलं. मोटंची चाकं, टांगं, तेलाची इंजनं, समद्या पंचक्रोशीचं लोखंड त्याच्या हाताखालनं जातंय. आला, बिडी पेटवली, म्या म्होरं हिरवा डबा धरला. म्हणलं, “मिस्त्री, द्या रंग, जत्रा जवळ आली.” त्यानं डबा घेतला, बाजूला ठिवला, आन् म्हणला, “संपतराव, क्या जल्दी है? आधी हाडं, मंग रंग!”

हाडं? म्हणलं गाडीला कसली हाडं? तर म्हणं खालचा सांगाडा, चॅसी! त्याच्यावर समदी गाडी उभी असती. मंग काय, अख्खी आळी गोळा केली, वरची बॉडी खांद्यावर घिऊन उचलली आन् खळ्यावर निऊन ठिवली, आन् खाली ऱ्हायला त्यो नुसता सांगाडा. दोन लांब लोखंडी पट्ट्या, मधी आडव्या, आन् त्यावर गेणभाऊच्या कोंबड्यांचा पिढ्यानपिढ्यांचा मुक्काम! तिकडं खळ्यावर बॉडीत आमच्या कोंबड्या जाऊन बसल्या, त्यांना कुणी सांगितलं कुणास ठावं.

सांगाडा ठिवला रस्त्याच्या कडंला, चिंचंखाली, चार धोंड्यांवर. इस्माईलनं बारकी हातोडी काढली, लोखंडाला कान लावला आन् लागला वाजवाया. ठण्... ठण्... ठण्... थप्! “हितं आतनं खाल्लंय!” पुन्यांदा ठण्... ठण्... दिसभर! मी इचारतोय, “मिस्त्री, रंग?” तर कान न काढता बोट वर. “आधी हाडं.” त्याची बिबिजान भाकर घिऊन आली, ती हासून म्हणाली, “तुमचं काय घिऊन बसलात भाऊ? आमच्या निकाहच्या दिवशी मांडवाचे खांब वाजवीत बसले व्हते, काजी ताटकळला!”

मंग जिथं थप् वाजलं तिथलं लोखंड तापवलं, ठोकलं, ठिगळ लावून रिबिटा मारल्या. मंग सांगाडा वाकडा हाय का सरळ, त्ये बघाया सुतळी आणली. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यातनं ह्या कोपऱ्यात, गुंडाळतोय आपला! येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची, की ह्यो मिस्त्री वडाला गुंडाळावं तसं लोखंडाला सूत का गुंडाळतोय. तवाच मला कळाया पायजे व्हतं. मंग इटकरीनं घासलं, सोड्याच्या ऊन पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं. चांदीवानी चमकाया लागलं राव! म्हणलं, आता तरी डबा फोडू? मिस्त्री म्हणला, “आता अस्तर. उघड्या लोखंडावर रंग टिकतोय व्हय? गंज चढंल. शिश्याचा शेंदूर आणा, जवसाच्या तेलात कालवू, दोन हात मारू.”

शेंदूर! आलं का ध्यानात? न्हाई ना? माझ्याबी न्हाई आलं! जुन्नरच्या बाजारात गेलो, दुकानदाराला म्हणलं शेंदूर द्या, डबाभर. त्यानं इचारलं, “येवढा? कुठलं देऊळ?” म्हणलं, “देऊळ न्हाई वो, मोटार हाय.” त्यानं हात जोडलं आन् वरनं मूठभर ज्यादा घातला.

शेंदूर लागला. शनवारी! दुसरा वार मिळाला न्हाई मिस्त्रीला. आन् लावून झाल्यावर काय काय सांगून गेला ऐका. “संपतराव, तेलाचं अस्तर हाय, सुकंपतूर जपायचं. धूळ बसली तर समदी मेहनत मातीत. चपला घालून कुणाला जवळ येऊ दिऊ नका. भवतीनं पाणी शिंपडा. वरनं चिंचंचा पाला पडतोय, कापड बांधा. माशा चिकटतील, धूप जाळा. आन् हात? हात तर कुणी लावायचाच न्हाई!” बरं, म्हणलं. ह्यात माझं काय चुकलं? मिस्त्रीनं सांगितलं तसंच केलं न्हवं?

पाणी शिंपडाया प्रयागबाईला सांगितलं. तिनं सडा घातला. आता सडा घालून रांगोळी घातली न्हाई, तर बाईमाणसाच्या हाताला चैन पडतंय व्हय? घातली! घरात मोठं कापड म्हणशीला तर येकच, सत्यनारायणाला बांधतो त्ये लाल छत. त्येच बांधलं. चारी कोपऱ्याला धूप लावला. आन् मी काठी घिऊन उभा, वरडतोय, “ये, चपला काढ! लांबनं बघ! हात लावायचा न्हाई!” 

तेवढ्यात आमच्या आळीतली साळूआजी बाजारास्नं आली. शनवारचा वार, चिंचंखाली धोंड्यांवर लालभडक शेंदूर, सडा, रांगोळी, छत, धूप, आन् येक बाप्या वरडतोय चपला काढा! मला सांगा, काय ऱ्हायलं व्हतं? घंटा! ती तिनं संध्याकाळी आणली. म्हातारीनं वहाणा काढल्या, पदर घेतला, म्हणाली, “देवा, माझी म्हस हरावली हाय, तेवढी घरला धाड.” म्या म्हणलं, “आजे, ही मोटार हाय!” “व्हय रं माझ्या लेकरा, देवाची मोटार.” “आगं सांगाडा हाय नुसता!” “मंग? देवाचं रूप तू बघितलंयस?” म्हातारी घरी गेली... आन् म्हस दारात उभी! ती म्हस रोजच्यालाच हरावती आन् रोजच्यालाच येती, पण त्या दिवशी तिला जरा उशिरा याया काय झालं व्हतं?

मंग इचारू नका. नारळ काय, हार काय, तेल काय! कुणाला पोरगं पायजे, कुणाच्या हिरीला पाणी पायजे. पयला नारळ इस्माईलच्या हातात, का, तर शेंदूर त्याच्या हातचा! अस्तर सुकलं आन् मी हिरवा डबा घिऊन म्होरं झालो, तर म्हातारी आडवी पडली. “देवाला हिरवा? तुझ्या घराण्यात कुणी केलंय का असलं?” मी मिस्त्रीकडं बघतोय. त्यो नारळ फोडून खोबरं खातोय! म्हणला, “लोकांचा भाव हाय, संपतराव. मी हात लावणार न्हाई.” “आवं, शेंदूर तुमीच लावला न्हवं?” “मी अस्तर लावलं. चपला काढाया तुमी सांगितल्या.”

बरं, जत्रा तोंडावर. शेवटाला हातापाया पडून येवढं कबूल करून घेतलं, की देव शेंदरीच ऱ्हाईल, फकस्त त्याच्यावर बॉडी बसवायची आन् जत्रंपतूर फिरवून आणायचा. बसवली. तर म्हातारी म्हणती, “खाली शेंदरी आन् वर उघडा? गारठंल त्यो.” आन् सकाळी बघतो तर बायांनी उरल्याला शेंदूर समद्या बॉडीला फासल्याला! नाकापासनं शेपटापतूर! इंजन मात्र मिस्त्रीनं झ्याक केलं व्हतं, पयल्या झटक्याला सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणं देव बोलला!

निघायच्या दिवशी भिमाजी आला, बैलगाडी घिऊन. आन् बैल कंचं? तीच आमची जोडी! गेणभाऊकडनं सोडवून आणल्याली! मला बघून त्यांनी मान हालवली, डोळ्यात पाणी आलं राव माझ्या. भिमाजी लांबनंच वरडतोय, “काय दाजी, कुठं हाय तुमची शर्यतीची...” आन् गाडी दिसली. शेंदूर दिसला. हार दिसलं. पटका काढला आन् मेव्हणा रस्त्यातच साष्टांग आडवा! आयुष्यात मला येवढं बरं कवाच वाटलं न्हवतं. उठून म्हणतो कसा, “दाजी, ह्यो हिरवा डबा तसाच पडलाय व्हय? जत्रंला बैलांची शिंगं रंगवतो.” ...रंगवली! माझ्या डोळ्यांम्होरं! हाडं माझ्या गाडीची, आन् रंग? रंग बैलांच्या शिंगाला!

म्हणलं, जाऊ दे. शब्द महत्त्वाचा. दार उघडलं, धोतरानं शीट पुसली, म्हणलं, “प्रयागबाई, बसा राणीवानी.” नवं लुगडं नेसल्याली, नथ घातल्याली, लई साजरी दिसत व्हती. येक पाय उचलला... आन् मागं घेतला. “आवो, देवाच्या डोस्क्यावर बसू? म्हायेराला जाताना? मला न्हाई जमायचं.” “आगं, मी बसतोयच की!” “तुमचं काय, तुमी पुजारी हायसा!”

आन् बसली की भावाच्या बैलगाडीत! म्होरं हिरव्या शिंगांची जोडी, डुलत डुलत, मागं शर्यतीची गाडी. म्हणशीला, म्होरं का न्हाई काढली? कशी काढू! आळेफाट्याला अडवली, दर्शन. बेल्ह्याला अडवली, आरती. आण्याच्या घाटात तर कुणीतरी चाकाखाली वाकून नवस बोलत व्हतं, त्याचा नवस संपंपतूर बैलगाडी वर! मी पोचलो तवा भिमाजी बैलांवरच गुलाल उधळून मोकळा झाल्याला. आमटीच्या पंगतीत बसाया गेलो, तर हात धरून उठावलं, म्हणला, “दाजी, पुजाऱ्यानं आधी निवद दावायचा, मंग जेवायचं.” आधी ह्ये, मंग त्ये! माझ्या नशिबाला मंगच हाय राव.

पण येक सांगू? पंगतीतनं प्रयागबाईनं लांबनं बघितलं माझ्याकडं, आन् पदराआड हासली. गाडी आल्यापून पयल्यांदा. भावजया तिला इचारत व्हत्या, “वन्सं, त्ये देवाचं पुजारी तुमचं मालक का?” मान काय खाली गेली न्हाई तिची. मंग म्हणलं, असू दे शेंदरी.

...संपला का च्या? चला, निघतो, त्या बघा बाया नारळ घिऊन गाडीजवळ उभ्या ऱ्हायल्यात. येवढं करा राव, ह्या माझ्या चपला हितं बाकड्याखाली जरा बघा. माझीच गाडी हाय, पण घालून बसाया परवानगी न्हाई.