पाठीचं माप

नोंगहेटच्या दवाखान्यात च्वा नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारी येऊन टेकली आणि शेजारच्या बाईला म्हणाली,

"माईया ना तू?"

"हो, आई. बसा नीट."

"अजून आई म्हणतेस? माझ्या लेकाला तर सोडून गेलीस."

"त्याला सोडलं. तुम्ही कशा आहात?"

"चाललंय. नवी सून रांधते चांगलं, पण सुई हातात धरत नाही. मला पुरताना घालायचा झगा बाजारातून आणू म्हणते, मशीनवर भरलेला."

"हल्ली सगळेच आणतात."

"आणू देत. मेल्यावर तिकडे माझी आई, आजी विचारतील, तुझ्यासाठी घरातलं कुणी दोन टाके घालायला बसलं नाही का? त्यांना काय सांगू?"

"मग मी भरून द्यावा असं सरळ म्हणा ना."

"कुठल्या तोंडानं म्हणू? तो तुला मारायचा तेव्हा मी चुलीपाशी बसून राहायचे."

"माहीत आहे मला."

तेवढ्यात च्वाचा नंबर पुकारला, तरी ती उठली नाही.

"वळा तिकडे," माईया म्हणाली. "पाठीचं माप घेऊ दे."