घासाघासाचं डोहाळजेवण

मालेगावच्या बसथांब्यावर माझ्या मागं सासू-सून बोलत होत्या.

"पंचफुला, डोहाळजेवणाले नाही काहून म्हनतं वं?"

"आत्याबाई, वजन उतरवायले मुंबईत पोटाचं आपरेशन झालं, तवापासून चार घासांतच पोट भरते. भरल्या ताटावरून उठू कशी?"

"लेकरू उपाशी राहीन ना!"

"डाक्टरीण म्हने, थोडं थोडं, पन घडोघडी खाय. काल सपनात मातर पानगे खाल्ले. तुमी वाढून राह्यल्या होत्या."

"मी? काय म्हनत होती मी?"

"घाई नको करू बाई, दिवस लय बाकी हाये."



"मंग तसंच करू. सकाळपासून दिवेलागणीलोक तुले झोक्यावर बसवू. बायका एकेक गानं म्हनतीन, तू एकेक घास खाय."

"अन् बायकांचे गळे बसले तं?"

"मी गाईन. तू खाय."